कोल्हापुरातला भाड्याचा फ्लॅट पुण्यात बसून दुरुस्त करायचा आणि चालवायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी पुण्यात. कोल्हापुरात पाचगाव रस्त्याला वीसेक वर्षे जुन्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर ७०० चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट. भाडेकरू सोडून गेला, भिंतींना ओल आहे, बाथरूम गळते असा खालच्यांचा तगादा आहे. शेजारच्या काकांनी एक ठेकेदार गाठून दिलाय, तो म्हणतो ‘अडीच लाखांत सगळं चकाचक करून देतो’. दर आठवड्याला येणे जमणार नाही. खर्च कुठे करावा आणि पुढे घर कोणी बघावे?

ठेकेदाराला आत्ताच हो म्हणू नका. ओल कुठून येते हे ठरल्याशिवाय अडीच लाख हा आकडा कशाचा, ते त्यालाही सांगता येणार नाही. लांब राहणाऱ्या मालकाचा सर्वांत जास्त पैसा ओलीवर पुट्टी आणि रंग मारण्यात जातो. रंग दिवाळीपर्यंत छान दिसतो, पुढच्या श्रावणात पोपडे धरतो, आणि तोवर ठेकेदार फोन उचलायचा बंद झालेला असतो.

ओलीचा उगम बराचसा तिच्या वेळेवरून आणि जागेवरून कळतो, त्यासाठी घर फोडावे लागत नाही. बाराही महिने एकाच जागी ओल असेल तर पाइप किंवा बाथरूम. जून ते सप्टेंबरच वाढत असेल आणि छताला किंवा छत-भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर गच्ची. पावसाळ्यातच, पण भिंतीच्या मधोमध, विशेषतः नैऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या बाजूला असेल तर बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी उतरणारी ओल असेल तर खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत झालेला असतो, त्याला हजार-दोन हजारांचे काम पुरते. (तळमजल्याच्या घरात जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत चढणारी, पांढरा लोणा सोडणारी ओल वेगळी. ती जमिनीतून येते आणि गच्चीवर कितीही खर्च केला तरी जात नाही.)

बाथरूमची खात्री करायला नहाणी ट्रॅप (जमिनीतले सांडपाणी जायचे तोंड) बोळ्याने गच्च बंद करून दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवा आणि खालच्यांच्या छताचा फोटो आधी आणि नंतर मागवा. रंग उतरला तर फरशी दोषी. नाही उतरला आणि तरी ओल आहे, तर भिंतीतला पाइप किंवा संडासाच्या भांड्याचा सांधा बघावा लागेल.

गच्चीकडे जाण्याआधी एक गोष्ट. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती हा संस्थेचा खर्च आहे. फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती ज्याची त्याची. तेव्हा सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कोल्हापुरात बऱ्याच इमारती संस्था नसून अपार्टमेंट आहेत, तिथे डिक्लरेशन डीड (अपार्टमेंट म्हणून इमारत नोंदवतानाचा दस्त) काढून गच्चीबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. बऱ्याच मालकांनी ते कधी उघडलेलेच नसते आणि सगळ्यांची गच्ची एकट्याने दुरुस्त करून बसतात.

गच्चीवर जुना विटांचा कोबा (पाणी अडवायला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) असेल तर हातोडीने ठोकत फिरायला सांगा. पोकळ आवाज एक तृतीयांशापेक्षा कमी भागात असेल तर तेवढा भाग काढून भरा, भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मालाने बुजवा आणि वर कोटिंग घ्या. जास्त भाग पोकळ असेल तर कोबा पूर्ण काढून नवा करावा. जुन्यावर नवा चढवू देऊ नका. साडेचार इंच कोब्याचे वजन चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास भरते; ८०० फुटांच्या गच्चीवर ते सोळा टन झाले, आणि तुमचा स्लॅब वीस वर्षांचा आहे. उतार शंभराला एक असावा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. पावसाच्या पाण्याचा चार इंची पाइप साधारण ४०० फूट गच्चीला एक लागतो. दोन लागणाऱ्या ठिकाणी एकच असेल तर कोणतेही कोटिंग तळ्याखाली टिकत नाही. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा दोन-तीन इंचांच्या गोलाईने भरून घ्या आणि तिथे फायबरची जाळी घालूनच कोटिंग करा. गळती बहुतेक वेळा इथूनच सुरू होते, आणि ठेकेदार घाई करतो तोही इथेच.

कोटिंगचे दोन प्रकार गोंधळात टाकतात. सिमेंट-पावडर आणि दुधासारखे द्रावण मिसळून लावायचे दोन घटकांचे कोटिंग ओलसर पृष्ठभागावर लागते. गच्ची भिजवून, साचलेले पाणी पुसून मगच. डब्यातून थेट लावायचे रबरासारखे ॲक्रिलिक कोटिंग मात्र पूर्ण कोरड्यावरच. उलटे झाले की पहिल्याला बारीक चिरा पडतात आणि दुसऱ्याला फुगे येतात. दोन्हीचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतर काम करायचे. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोट पसरायच्या आत सुकतो. सुकल्यावर पाइपांची तोंडे बंद करून ४८ तास पाणी साठवा.

आता बाथरूम. पाच बाय सातचे असेल तर जमीन ३५ फूट आणि सात फुटांपर्यंतच्या भिंती, दार वजा जाता, दीडशेच्या आसपास. दहा टक्के तूट धरून २०५ फूट टाइल्स मागवा. टाइल ॲडेसिव्ह २० किलोच्या पोत्यात चाळीस-पन्नास फूट होते, म्हणजे पाच पोती. एकाच बॅच नंबरचे खोके घ्या आणि एक जास्तीचे खोके माळ्यावर ठेवा. तीन वर्षांनी तीच छटा मिळणार नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. जुनी फरशी आणि भराव काढणे, सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे) पाइप टाकणे, हातपंपाने सहा-सात किलोचा दाब देऊन किमान दोन तास काटा हलत नाही हे पाहणे, मग खाचा बुजवणे. जमिनीला आणि भिंतींना फूटभर, शॉवरच्या बाजूला पाच-सहा फूट, वॉटरप्रूफ कोट. नंतर ४८ तास पाणी. त्यानंतरच टाइल्स. जमिनीचा उतार पाच फुटांत एक इंच, ट्रॅपकडे. जमिनीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरा. पांढरे सिमेंट भाडेकरूच्या ॲसिडने वर्षभरात धुऊन जाते.

जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवणे हॉलमध्ये चालते, पैसा आणि राडारोडा दोन्ही वाचतात. पण पातळी अर्धा-पाऊण इंच वर येते. सगळी दारे खालून तासावी लागतात, आणि बाथरूमचा उंबरा नव्या फरशीच्या मानाने उथळ झाला की पाणी बाहेर येते. हा हिशेब आधी न केल्यामुळे सुताराचा खर्च मागून अंगावर येतो.

भाड्याच्या घरात काय बसवू नये, हे लांबच्या मालकाने जास्त नीट ठरवायचे असते. भिंतीत दडवलेला फ्लश टँक नको, बाहेरचा पीव्हीसीचा बरा. त्याचा वॉशर कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतो आणि फरशी न फोडता बदलता येतो. भिंतीतले डायव्हर्टरही (शॉवर आणि नळ यांत पाणी वळवणारे कॉक) नकोत, साधे नळ बसवा. बाथरूमला प्लायचे दार नको. ग्रॅनाइटची चौकट आणि डब्ल्यूपीसी किंवा एफआरपीचे (पाण्याने न फुगणारे) दार बसवा. ओट्याखाली प्लायवूडच्या ट्रॉल्या करण्यापेक्षा कडाप्प्याचे कप्पे आणि ॲल्युमिनियमची दारे करा. दीड लाखाच्या मॉड्युलर किचनने भाडे महिना हजाराने वाढले तर वसुलीला दीडशे महिने, आणि ते किचन भाडेकरूंच्या हातात तेवढे टिकत नाही. जास्तीच्या भाड्यातून अडीच वर्षांत न फिटणारी कोणतीही सजावट सोडून द्यावी, असे माझे मत आहे. डासांच्या जाळ्या, कपडे वाळवायची सोय, दोन्ही बाथरूममध्ये गरम पाणी, पावसाळ्यात न गळणारी बाल्कनी, यांनी मात्र घर लवकर जाते.

विजेत काटकसर नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), प्रत्येक गीझरला आणि एसीला स्वतंत्र एमसीबी, दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या प्लगला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवू देऊ नका आणि ते करारातही लिहा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून माणसे दगावतात.

रंगाचा अंदाज सोपा आहे. कार्पेटच्या साडेतीनपट भिंत आणि छत, म्हणजे तुमचे २,४५० फूट. दोन हातांना लिटरला साठ फूट धरले तर चाळीस लिटर. नव्या गिलाव्याला तीन-चार आठवडे सुकू द्या, मगच पुट्टी. सगळ्या खोल्यांना एकच फिकट छटा, तिचा कोड लिहून ठेवा.

हे सगळे लांबून होते, पण एका अटीवर: काम करणारा आणि काम तपासणारा एक असू नये, आणि दोघांची एकमेकांशी सोयरीक नसावी. तपासायला निवृत्त ओव्हरसिअर किंवा सिव्हिल डिप्लोमा झालेला तरुण इंजिनिअर पाहा, त्याला प्रत्येक भेटीचे ठरावीक पैसे द्या. खर्चाच्या टक्केवारीवर ठेवू नका, कारण मग खर्च वाढण्यात त्याचाही फायदा असतो. शेजारच्या काकांकडे किल्ली ठेवा, जिव्हाळा ठेवा, पण देखरेख सोपवू नका. त्यांनी आणलेल्या माणसाला ते रागावू शकत नाहीत, तुम्ही त्यांना रागावू शकत नाही.

ठेकेदाराकडून ‘सगळं चकाचक’ऐवजी मापांची यादी घ्या: किती फूट फरशी काढणे, किती फूट गिलावा, किती पॉइंट, दर कोणता, मजुरीचा की मटेरिअलसह. राडारोडा वरच्या मजल्यावरून खाली कोण आणणार आणि कुठे टाकणार, हेही त्यात हवे. भांडणे तिथून सुरू होतात. गवंडीकाम मजुरीवर द्या आणि टाइल्स, पाइप, कोटिंग, तारा स्वतः घ्या. शाहूपुरीतल्या दुकानदाराला यादी पाठवून पैसे थेट त्याच्या खात्यात टाकता येतात. बिल तुमच्या नावावर येते आणि वॉरंटी तुमची राहते. सिमेंट-वाळू मात्र ठेकेदारावर सोडा, दोन-दोन पोत्यांसाठी फोन येत राहतील. तरी पडताळा म्हणून लक्षात ठेवा: अर्धा इंची गिलाव्याला शंभर फुटांमागे साधारण एक पोते सिमेंट लागते. तीनशे फुटांना आठ पोती दाखवली तर विचारा.

उचल पंधरा टक्क्यांच्या वर देऊ नका. पुढचे हप्ते दिवसांवर न बांधता चाचण्यांवर बांधा. तोडफोड होऊन राडारोडा हलला की एक, पाइपांचा दाब टिकला की एक, ४८ तासांच्या पाण्यानंतर खालच्यांचे छत कोरडे राहिले की एक, टाइल्स आणि नळ झाल्यावर एक, रंगानंतर एक. दहा टक्के मागे ठेवा, त्यातले निम्मे जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर. यावर तो कुरकुर करेल. मग मधले हप्ते थोडे मोठे करा, पण शेवटचा सोडू नका. दोनशे किलोमीटरवरून तुमच्या हातात तेवढीच दोरी असते.

फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे, आणि तारीख-ठिकाण उमटवणारे कॅमेरा ॲप वापरायला सांगा. खाचा बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, पाइप कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून किती इंचांवर आहे ते दिसेल असा. पुढे भाडेकरूला गीझर टांगायला भोक पाडायचे असेल तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

वेळ एप्रिल-मेची. शाळा-कॉलेजे जूनमध्ये उघडतात, बदल्या त्याच सुमारास होतात, विद्यापीठ आणि सायबर या व्यवस्थापन-शिक्षणाच्या संस्थेकडे येणारी मुले आणि कुटुंबे जून ते ऑगस्ट घर शोधतात. गच्ची १५ मेच्या आत संपली पाहिजे, कारण मिरगाच्या तोंडावर वळीव कधीही गाठतो. सगळ्या कामाला ३५ ते ४० दिवस धरा आणि कामगारांच्या गावच्या जत्रा कधी आहेत ते आधीच विचारा. चैत्र-वैशाखात जोतिबाची यात्रा आणि मग गावोगावच्या जत्रा लागतात. टोळी गेली की चार-पाच दिवस परतत नाही. बाथरूम उघडे पडलेले असताना हे होऊ नये एवढेच.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच आणि नोंदवलेलाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरे धरले जाते. नोंदवला असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवरचे वर्षाला दहा टक्के व्याज, याच्या पाव टक्का. महिना ११,००० भाडे, अकरा महिने, ४०,००० अनामत असेल तर तीनशे-चारशे रुपयांचा मामला. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. पाचगाव रस्त्यावर इमारत नेमकी कोणत्या हद्दीत आहे ते घरफाळ्याच्या पावतीवरून पाहा. आधार आणि बोटाच्या ठशावर हे ऑनलाइन होते, तुम्ही पुण्यातून आणि भाडेकरू कोल्हापुरातून. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे वेगळे, तेही ऑनलाइन उरका.

फ्लॅटवर भावाचेही नाव असेल आणि तो परदेशात असेल तर त्याचे मुखत्यारपत्र लागेल. तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणल्यावर इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. अधिकार भाड्याने देणे, करार नोंदवणे, भाडे घेणे एवढेच लिहा. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका. अनिवासी मालकाच्या वाट्याच्या भाड्यातून भाडेकरूने कर कापायचा असतो, भाडे कितीही कमी असले तरी. हे भाडेकरूला आधीच सांगा, नाहीतर तो मध्येच घाबरतो. तुमच्या स्वतःच्या विवरणपत्रात दुरुस्तीची बिले वेगळी वजा होत नाहीत. घरफाळा वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. घरफाळाही तुम्ही स्वतः आणि त्याच वर्षी भरलेला असेल तरच धरला जातो. संस्था असेल तर बिनभोगवटा शुल्क (स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याबद्दल संस्था घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

महावितरणचा ग्राहक क्रमांक स्वतःच्या फोनवरच्या ॲपला जोडून ठेवा. थकबाकी जोडणीवर राहते, म्हणजे तुमच्या नावावर. करारात लिहा की पाचशे रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, त्यापुढे २,००० पर्यंतची त्याने फोटो पाठवून लगेच करून घ्यावी आणि भाड्यातून वळती करावी. वॉशर बदलायला मालकाच्या परवानगीची वाट पाहणाऱ्या घरात भिंती आधी भिजतात. एक प्लंबर आणि एक वायरमन ठरवून त्यांचे नंबर मुख्य कॉकच्या शेजारी दाराआड चिकटवा, आणि कॉक कुठे आहे ते भाडेकरूला पहिल्याच दिवशी दाखवायला लावा.

दुसरी मिळकत घ्यायचा विचार असेल तर पाचगावच्या उंचवट्यावरचे गणित खाली नदीकडच्या भागात लागू होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले आणि सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा सखल भाग पाण्यात होता. व्यवहाराआधी निळी आणि लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरच्या रेषा) पाहा आणि त्या गल्लीतल्या दुकानदाराला विचारा की पाणी भिंतीवर कुठवर आले होते. घेतलेच तर मीटर आणि स्विचबोर्ड त्या खुणेच्या वर न्या, चेंबरला परतीचे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. पूर ओसरल्यावर खुणेच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा काढून भिंत उघडी ठेवा. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून चोवीस तासांनी आत थेंब दिसत नाहीत तोवर पुन्हा गिलावा नको.

काम आणि नवा भाडेकरू यांच्यामध्ये घर महिनाभर रिकामे राहणार असेल तर मुख्य कॉक बंद, गीझरचे एमसीबी बंद, आणि प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खोबरेल तेल. ट्रॅपमधले पाणी तीनेक आठवड्यांत उडून गेले की घरात गटाराचा वास आणि झुरळे येतात, आणि घर बघायला आलेले कुटुंब दारातूनच परत फिरते.